चार माणसं, एक वळकटी

मला नोकरी लागली ती माझ्या आईच्या बसण्याच्या पद्धतीमुळे. खोटं वाटेल, पण खरं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची जागा निघाली होती आणि मी मुलाखतीला गेलो होतो. टेबलापलीकडे तिघे बसलेले. दोघांनी नेहमीचे प्रश्न विचारले. तिसरे, म्हणजे ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख, माझ्याकडे पाठ करून खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. मधेच ते वळले, माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला आणि म्हणाले, "तुमची आई मोटारीत कशी बसेल ते काढा."

मी एक बाई काढली. पाठ टेकलेली, पाय खाली सोडलेले, हात नीट मांडीवर ठेवलेले.

"ही तुमची आई नाही," ते म्हणाले. "ही विमानातली बाई आहे. तुमची आई घरी खुर्चीवर कशी बसते?"

"पाय वर घेऊन."

"मग मोटारीत पाय खाली का सोडेल? कुणाच्या भीतीने?"

मी जरा विचार केला आणि खरं ते सांगून टाकलं, "मोटारीच्याच."

"घ्या याला," ते बाकीच्या दोघांना म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

पुढे मी त्यांच्या हाताखाली कितीतरी वर्षं काम केलं, आणि वाशीला कंपनीच्या वसाहतीत त्यांच्या शेजारीच राहिलो. सगळा कारखाना त्यांना चीफ म्हणायचा. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनीसुद्धा, चारचौघांत "आमचे चीफ" म्हणायच्या, आणि त्या म्हणण्यात कौतुक किती आणि वैताग किती हे त्या दिवशीच्या भाजीवर अवलंबून असायचं. चीफ मूळचे सांगलीकडचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम टोक केलेल्या पेन्सिली. एरवी सज्जन माणूस. पण मोटारीचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं.

त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं, की या देशात मोटारी आहेत, पण देशाची मोटार नाही. रस्त्यावर तेव्हा गाड्या धावायच्या त्या दोन-तीन प्रकारच्या. त्या साहेबांच्या देशांतल्या जुन्या नकाशांवरून इथे बनत. नकाशा बदलायचा नाही, फक्त दिव्याची काच बदलायची आणि नवी गाडी आली म्हणून जाहिरात करायची. "दुसऱ्याच्या अंगावर मापं घेतलेला सदरा आपण घातलाय," चीफ म्हणायचे, "बाह्या दुमडल्यात, आणि एकमेकांना सांगतोय, काय फिट बसतो नाही!"

आता असं म्हणणारे त्या काळात पुष्कळ होते. कँटीनमध्ये बटाटावड्याबरोबर स्वदेशी मोटार सगळेच बनवायचे. पण चीफ म्हणत ते पाळत, आणि तिथेच गडबड होती. परदेशी नकाशाच्या गाडीत बसायचं नाही, असा त्यांचा नेम होता. टॅक्सी वर्ज्य. स्कूटर वर्ज्य. कंपनीच्या बसचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी रीतसर चौकशी केली. बसची बॉडी इथेच एका कारखान्यात बांधलेली निघाली, पण सांगाडा आणि इंजिन परदेशी कराराचं. चीफनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की अशा बसमध्ये उभं राहायला हरकत नाही, बसायचं मात्र नाही. तेव्हापासून वाशी ते कारखाना ते रोज दांडा धरून उभे. बस निम्मी रिकामी, तरी हे उभे. एकदा नवा ड्रायव्हर आला. त्याने आठवडाभर आरशातून यांच्याकडे बघितलं आणि एके दिवशी उतरताना बाजूला घेऊन मूळव्याधीवरचं गावठी औषध सांगितलं. चीफनी ते नीट ऐकून घेतलं आणि औषध अस्सल इथलं आहे म्हणून त्याची पाठ थोपटली.

नेम वहिनींना लागू नव्हता. त्या खुशाल टॅक्सीने गिरगावात माहेरी जायच्या. निघताना चीफ त्यांना दारापर्यंत सोडायला यायचे आणि टॅक्सीवाल्याला म्हणायचे, "सांभाळून न्या, गाडी परकी आहे." टॅक्सीवाला बिचारा घाबरून आपली कागदपत्रं शोधू लागायचा.

पुढे, सगळं होऊन गेल्यावर काही वर्षांनी, उत्तरेत सरकारी छोटी गाडी निघाली. जपान्यांशी करार करून केलेली. आमच्या वसाहतीत ती पहिली आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता चीफ तिला तोंडभर शिव्या देणार. चीफ आले, पांढरा लेंगा तसाच ठेवून गाडीखाली उताणे झोपले, आणि बराच वेळ तिथून नुसते हुंकार ऐकू येत राहिले. गाडीच्या मालकाला घाम फुटला. शेवटी चीफ बाहेर आले, पाठीचा धुरळा झटकला आणि म्हणाले, "उत्तम काम आहे. मुलगी गुणाची आहे. फक्त आपल्या घरात जन्मली नाही." मग त्यांनी स्वतः आतून हळदकुंकू मागवून तिच्या चाकांना लावायला सांगितलं. द्वेष हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. दुसऱ्याची गाडी वाईट आहे हे त्यांना सिद्ध करायचंच नव्हतं, आपली का नाही एवढंच त्यांना खुपत होतं.

आणि नुसतं खुपवून घेऊन ते बसले नव्हते. त्याआधीच त्यांनी एक गाडी बांधली होती.

शिरवणे गावात एक आगरी गृहस्थ होते. सगळं गाव त्यांना दादूस म्हणायचं, म्हणून आम्हीही. त्यांची शेती नव्या शहरात गेली होती, बैल त्यांनी विकून टाकले होते, आणि घरामागे एक लांबरुंद गोठा रिकामा पडला होता. चीफ तो भाड्याने मागायला गेले. दादूसांनी आधी विचारलं, कशाला पायजे? चीफनी तासभर सांगितलं. दादूस म्हणाले, "भारा-बिरा नको. पन गारीत पयला मी बसनार." त्यांच्या तोंडी गाडीची गारी व्हायची. सौदा तिथेच ठरला.

त्या गोठ्यात चीफनी सुट्टीचे सगळे दिवस घातले. मी हाताखाली असायचो, कधी आवडीने, कधी ते वरिष्ठ म्हणून. गाडीचं पहिलं माप त्यांनी रस्त्यावरून घेतलं नाही, माणसांवरून घेतलं. वसाहतीतल्या कोणाही घरी गेले की खिशातून टेप काढायचे. मांडी घातल्यावर माणूस किती रुंद होतो, पाय वर घेतल्यावर गुडघा कुठे येतो, आजीबाईंना चढायला पायरी किती लागते. एका हळदीकुंकवाला ते वहिनींना आणायला म्हणून गेले आणि बसलेल्या बायकांची मापं मागू लागले. तेव्हापासून वहिनींनी त्यांना बायकांच्या कार्यक्रमाला फिरकायची बंदी घातली.

यातून जी गाडी निघाली ती बघायला उभट होती, साधारण देव्हाऱ्यासारखी. आत बाकं अशी रुंद की दोन माणसं ऐसपैस मांडी घालून बसतील. छत उंच, कारण फेटेवाल्यांनाही देशात जागा आहे. इंजिन शेतीपंपाचं, एका नळकांड्याचं, डिझेलवर चालणारं, हँडल मारून सुरू करायचं. मी एकदा धीर करून विचारलं, "चीफ, या इंजिनाचा नकाशाही मुळात साहेबाचाच ना?"

ते गडबडले नाहीत. म्हणाले, "असेल. पण तीन पिढ्या आपल्या विहिरींचं पाणी ओढतंय. सून किती वर्षं माहेरची धरायची?"

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा सगळं शिरवणे हादरलं. पुक-पुक-पुक असा तो आवाज, आणि वर निळा धूर. थोड्या वेळाने दादूसांची म्हातारी आई डोक्यावर डबा घेऊन गोठ्यात आली. "गिरन चालू झाली का रं?" ती म्हणाली. "मना येवरं तांदूल दलून दे." तिला कितीही समजावलं तरी पटेना. पिठाची गिरणी घातली आणि घरच्यांनाच दळून देत नाहीत, असं तिने पुढे गावभर सांगितलं.

गाडीबद्दल चीफचा एक सिद्धांत होता, तो आमच्या पायांशी पुढे फार निगडित ठरला म्हणून सांगतो. ते म्हणायचे, आपला माणूस गाडीला वाहन मानत नाही, घर मानतो. आणि घरात कोणी पायताण घालून येत नाही. तेव्हा गाडीत चढताना चपला काढायच्या. त्यासाठी बाहेरच्या बाजूला चपलांची पेटी काढलेली होती, ड्रॉइंगमध्ये. प्रत्यक्षात ती बसवायची राहिली होती.

आता मुख्य गोष्ट. चीफना गाडी छंद म्हणून नको होती, त्यांना कारखाना हवा होता. देशाच्या माणसांच्या मापाची गाडी काढणारा देशाचा कारखाना. पण त्या काळात सरकारी परवान्याशिवाय मोटारच काय, तिचं चाकही विकायला बनवता येत नसे, आणि परवान्यासाठी दिल्लीला खेटे घालावे लागत. नोकरी सांभाळून दिल्लीला खेटे घालता येत नाहीत. म्हणून चीफनी ठरवलं आणि सगळ्यांना सांगूनही टाकलं की गुढीपाडव्याला गाडीची चाचणी घ्यायची. चार मोठी माणसं, एक वळकटी आणि एक भरलेली कळशी. हे भारतीय कुटुंबाचं खरं वजन. एवढं घेऊन गाडी वाशीचा खाडीपूल चढून स्वतःच्या बळावर पलीकडे उतरली, तर दुसऱ्याच दिवशी राजीनामा. नाही उतरली, तर निवृत्तीपर्यंत पंप एके पंप.

ऐकायला हे शूर वाटतं. पण राहतं घर कंपनीचं होतं. राजीनामा दिला की महिन्याभरात ते सोडावं लागणार. मुलगी दहावीला. वहिनी एक दिवस आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोसमोर मला म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. चढेल का हो ती?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मी गणपतीला सांगून आलेय. म्हटलं, मधेच बंद पडू दे. पण कुणाला लागू देऊ नकोस, आणि त्यांना फार वाईटही वाटू देऊ नकोस." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे तिन्ही एकदम होईल का?"

इकडे दादूसांनी एकवीरा आईला कोंबडा कबूल केला होता, गाडी पुलापार गेली तर. म्हणजे एक देव गाडी ओढायला आणि दुसरा मागून धरायला. मी आपला तटस्थ राहिलो, दोघांपैकी एकालाही दुखवण्याची माझी ऐपत नव्हती.

पाडव्याला सकाळी आम्ही शिरवण्याला जमलो. वहिनी गुढी उभारून, कडुनिंबाचं पान खाऊन आल्या होत्या आणि तोंड तसंच होतं. चार माणसं म्हणजे चीफ, वहिनी, दादूस आणि मी. वळकटी चीफच्या घरची. कळशी वहिनींच्या मांडीवर. गाडीच्या पुढे 'चाचणी' असं रंगवलेली पाटी. दादूसांच्या आईने नारळ वाढवला, आणि नारळ वाढवताना तांदळाची आठवण पुन्हा एकदा दिली. कबूल केल्याप्रमाणे दादूस पहिले चढले. मग आम्ही. चीफनी हँडल मारलं, पुक-पुक सुरू झालं, आणि गाडी गोठ्यातून बाहेर पडली. गाव मागे धावलं. चीफच्या तोंडावर जो आनंद होता तो मी पुन्हा कधी पाहिला नाही, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं की जाऊ दे नोकरी, जाऊ दे घर, ही गाडी चढलीच पाहिजे.

हमरस्त्याला लागलो. सायकलवाले आम्हाला ओलांडून पुढे जाऊन, थांबून, पुन्हा आम्ही यायची वाट बघत होते. पण गाडी चालत होती. तुर्भे मागे पडलं. दादूस मांडी घालून बसले होते, म्हणाले, "बैलगारीपेक्षा बेस. न शेपटी तोंडावर येत नाय." वाशीचा चौक आला तेव्हा चीफ गुणगुणायला लागले. वहिनी कळशी घट्ट धरून पुढे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. गणपतीला आठवण करून देत असाव्यात.

पूल सुरू झाला. खालून लांबलचक सपाट दिसणारा तो पूल वजन घेऊन चढताना किती उभा असतो, हे त्या दिवशी कळलं. पुक-पुकचं अंतर वाढत गेलं. इंजिनातून पांढरी वाफ यायला लागली.

"चीफ, पाणी मागतंय इंजिन," मी ओरडलो. "वहिनी, कळशी द्या."

"कळशीला हात लावायचा नाही," चीफ म्हणाले. "ती वजनात धरली आहे."

"अहो, चीफ, पण..."

"उद्या कुणी म्हणालं वजन कमी केलं, तर? चाचणी म्हणजे चाचणी."

दादूस डोकं धरून बसले. "खाली खारीभर पानी," ते म्हणाले, "बाईचे मांडीवर कलशीभर पानी, न इंजिन मरतंय तानेनं!"

पुलाच्या ऐन मध्याच्या अलीकडे इंजिनाने एक मोठा उसासा टाकला आणि ते थांबलं. एकदम शांत झालं. खाडीचा वारा ऐकू यायला लागला. चीफनी ब्रेक दाबून धरला होता आणि ते समोर बघत होते. मी वहिनींकडे बघितलं. गणपतीने पहिलं मागणं पुरं केलं होतं, दुसरंही केलं होतं. तिसऱ्याचं काय झालं ते चीफच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि वहिनींना ते बघवत नव्हतं.

मागे ट्रक साचले. हॉर्न वाजू लागले. एका ट्रकचा क्लीनर दारात लोंबकळत ओरडला, "ओ काका, गिरणी रस्त्यात कशाला लावली? बाजूला घ्या ना!" मागच्या बसमधले लोक खिदळले. कुणीतरी म्हणालं, "आमचं पण दळण घ्या!"

वहिनींनी कळशी माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या खाली उतरल्या.

उतरल्या आणि तशाच किंचाळून पुन्हा वर चढल्या. तेव्हा आमच्या लक्षात आलं. गाडीत चढताना आम्ही चौघांनीही चपला काढल्या होत्या. घरात जाताना काढतो तशा, दाराबाहेर, ओळीत. आणि त्या तिथेच, शिरवण्याला, गोठ्याच्या दाराशी राहिल्या होत्या. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे घर जागेवरून हलणार आहे. पाडव्याचं ऊन आणि काळंभोर डांबर.

"जाऊ दे," चीफ हळूच म्हणाले. "झालं. नाही चढली."

"तुम्ही नुसतं चाक धरा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, पुन्हा उतरल्या, आणि तापल्या डांबरावर पाय उचलत-टाकत मागे जाऊन गाडीला हात लावला. त्या बसमधल्या लोकांकडे वळून म्हणाल्या, "हसताय काय? बांधलीय का कधी तुमच्यातल्या कुणी?"

मग मी कशाला बसतो. मीही उतरलो, कळशी बाकावर नीट ठेवून. दादूस उतरले. आम्ही तिघं अनवाणी, उड्या मारत, "आई गं, आई गं" करत ती गाडी ढकलत होतो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की कसला तरी नवस आहे. हसणाऱ्या बसमधले दोघेजण शेवटी खाली उतरले आणि त्यांनीही हात लावला. वहिनी दात-ओठ खाऊन ढकलत होत्या. आपण काय करतोय, याचा त्यांना पूर्ण विसर पडला होता. गाडी पलीकडे गेली की घर जाणार, याची त्यांना आठवण करून द्यावी असं मला वाटलं, पण पाय इतके भाजत होते की बोलायला तोंड उघडलं की त्यातून भलतंच निघत होतं.

माथा आला. गाडी हलकी झाली. आम्ही धावत जाऊन आत उड्या घेतल्या आणि गाडी उताराला लागली. इंजिन बंद, नुसती चाकं फिरतायत, वारा लागतोय. वहिनी तळपाय हातात धरून हसत होत्या. दादूस कोंबड्याचा विचार करत असावेत.

पुलापलीकडे मुंबईचा जकात नाका होता. मुंबईत माल न्यायचा तर तिथे जकात भरावी लागे. सणाचा दिवस, गर्दी नव्हती. नाक्यावरचा कारकून चहा पीत बाहेर उभा होता. ही देव्हाऱ्यासारखी गाडी उतारावरून सुळ्ळकन त्याच्यासमोर येऊन थांबली तेव्हा त्याचा कप हातातच राहिला.

"आयला!" तो म्हणाला. "काय गाडी आहे साहेब! इंजिनचा आवाजसुद्धा नाही!"

दादूसांनी मला कोपराने ढोसलं. मी खाली बघितलं.

कारकुनाने गाडीला एक चक्कर मारली. आम्हा चौघांच्या पायांकडे बघितलं, पण ते त्याला जुळेना, म्हणून सोडून दिलं. मग तो म्हणाला, "नंबर नाही हिला. आता मी लिहू काय? वाहन असेल, आपल्या आपण चालत आलेलं, तर तुम्ही जा. पण तुम्ही आणलेली वस्तू असेल, तर माल. मग मला पत्रा वेगळा, लाकूड वेगळं, इंजिन वेगळं लिहावं लागेल, नि त्याची जकात. बोला. वाहन का माल?"

त्याने काहीच पाहिलं नव्हतं. चीफनी 'वाहन' म्हटलं असतं तर गाडी पूल ओलांडून मुंबईत आली हे सरकारी कागदावर चढलं असतं, आणि तो कागद घेऊन दिल्लीला जाता आलं असतं. चीफ खाली उतरले, डांबरावर अनवाणी सरळ उभे राहिले.

"माल," ते म्हणाले. "मधे बंद पडली. ढकलत आणली. माल लिहा."

कारकुनाने खांदे उडवले आणि लिहायला घेतलं. "पत्रा..." तो पुटपुटला.

"ओ!" वहिनी ओरडल्या. "पत्रा काय पत्रा? गाडी आहे ती! डोळे नाहीत का? गाडी लिहा!"

"बाई, साहेब म्हणतात माल."

"त्यांना काय कळतंय? मी बसून आलेय तिच्यातून शिरवण्यापासून. मांडी घालून आलेय. गाडीच लिहा!"

चीफ वहिनींकडे बघत राहिले. मग जवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, गाडी लिहिली तर उद्या राजीनामा. घर जाईल आपलं."

"जाऊ दे!" वहिनी म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "माझ्यादेखत तो तुमच्या गाडीला पत्रा म्हणतोय, आणि तुम्ही ऐकून घेताय?"

चीफनी कारकुनाला मालच लिहायला लावलं, खाली सही केली आणि जकात भरली. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामावर आले आणि निवृत्त होईपर्यंत येत राहिले. घर राहिलं. मुलगी दहावी झाली.

पण त्या वेळी नाक्यावर वहिनी रागाने पाठ फिरवून उभ्या होत्या, दादूस गाडी परत न्यायला ट्रक शोधायला गेले होते, आणि चीफ पावतीची घडी घालत माझ्याजवळ आले. मला वाटलं आता हा माणूस रडणार. त्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "पहिलं गिऱ्हाईक मिळालं."